हिरकणीचा वेश आणि भिंतीवरची चढाई

आज आपण एका वेगळ्याच खेळाबद्दल बोलणार आहोत. छताखाली उभारलेल्या भिंतीवर चढायचं, आणि तेही वेश करून! हे आपल्या काय कामाचं, असं वाटेल. पण आपल्या पोरी आता शिकायला पुण्या-मुंबईला राहतात आणि तिथून फोन येतो, "आई, नाव देऊ का?" आमच्या गटातल्या एका मावशींना असाच फोन आला. पोरीला अठरा पूर्ण नाहीत, म्हणून फॉर्मवर आईची सही हवी होती. मावशींनी बैठकीत विचारलं, "हातपाय मोडला तर? अन् त्या कपड्यात बरं दिसंल का?" दोन्ही प्रश्न बरोबर आहेत. म्हणून आम्ही माहिती काढली, ती तुम्हाला सांगतो.

या खेळाला बोल्डरिंग म्हणतात. बोल्डर म्हणजे मोठा धोंडा. गिर्यारोहक डोंगरावर जाण्याआधी अशा धोंड्यांवर सराव करायचे, त्यातून हा खेळ निघाला. शहरात लाकडी फळ्यांची भिंत उभारतात, उंची साधारण तेरा ते पंधरा फूट. तिच्यावर रंगीत खुंट्या आणि उंचवटे बसवलेले असतात. बहुतेक ठिकाणी एका रंगाच्या खुंट्या म्हणजे एक वाट. कमरेला दोर नसतो, खाली जाड गाद्या असतात. पायात घट्ट बूट आणि हाताचा घाम शोषला जावा म्हणून पांढरी पावडर, एवढंच सामान. बूट बहुतेक ठिकाणी भाड्याने मिळतात.

हा खेळ काही पोरखेळ नाही. टोकियो ऑलिंपिक २०२१ मध्ये झालं, तेव्हापासून भिंतीवरची चढाई ऑलिंपिकमध्ये आहे. त्यात बोल्डरिंगही येतं. टोकियोत आणि २०२४ च्या पॅरिसमध्ये स्लोव्हेनिया देशाच्या यान्या गार्नब्रेट हिने महिलांचं सुवर्णपदक जिंकलं. आपल्या महाराष्ट्रातही मुंबईच्या गिरिविहार या गिर्यारोहण संस्थेने २०१६ आणि २०१७ साली नवी मुंबईत बोल्डरिंगची विश्वचषक स्पर्धा भरवली होती.

वेशभूषेची स्पर्धा मात्र गमतीची असते. परदेशात हॅलोविन नावाच्या सणाला लोक भुताखेतांचे वेश करून भिंतीवर चढतात. आपल्या पोरींनी भूतच व्हायला पाहिजे असं नाही. मावशींच्या पोरीने हिरकणी व्हायचं ठरवलं. रायगडाखाली राहणारी ती गवळण. गडाचे दरवाजे बंद झाले, घरी तान्हं लेकरू, म्हणून ती रात्री कडा उतरून गेली, अशी कथा सांगतात. गडावरच्या बुरुजाला आजही तिचं नाव आहे. या कथेतलं एक आपण विसरतो. हिरकणी कडा चढली म्हणून नाही, उतरली म्हणून मोठी झाली. या खेळाची तयारीही उतरण्यापासूनच सुरू करायची.

चढताना दमायला होतं, पण मोठी दुखापत बहुतेक वेळा खाली पडताना होते. गादी आहे म्हणून निर्धास्त राहू नये. वाकडा पाय पडला की गादीवरही घोटा मुरगळतो, आणि हात टेकवून सावरायला गेलं की मनगट किंवा कोपर जातं. म्हणून पोरीने आधी पडायला शिकावं. दोन्ही पाय एकदम टेकवायचे, गुडघे वाकवायचे, बसकण मारत पाठीवर मागे लवंडायचं. हनुवटी छातीशी, हात छातीवर दुमडलेले. आधी गादीवर उभं राहून, मग दोन फुटांवरून, मग थोडं वरून, असं प्रशिक्षकासमोर करायचं. वर पोचल्यावरही उडी मारण्याची घाई नको. जमेल तेवढं खुंट्या धरत खाली यायचं. आणि कुणी वर चढत असेल तर त्याच्याखाली उभं राहायचं नाही.

आता वेश. कपडा कसाही सुंदर असू दे, त्याला तीन गोष्टी जमल्या पाहिजेत. गुडघा छातीपर्यंत आला पाहिजे, हात डोक्यावर पूर्ण गेला पाहिजे आणि खाली बघितल्यावर स्वतःचं पाऊल दिसलं पाहिजे. पाऊल दिसलं नाही तर ते खुंटीवर अंदाजाने पडतं आणि सटकतं. नऊवारी यासाठी चांगली, कारण कासोटा असला की पाय मोकळे राहतात. आपण वावरात निंदायला जाताना पदर खोचतो, तेच इथे करायचं, फक्त खोचण्याऐवजी शिवून टाकायचं. जुन्या सुती लुगड्याची शिवलेली नऊवारी करावी, आत लेगिंग घालावी, काठ पोटरीवर संपवावा. दोन पायांच्या मध्ये सलवारीला लावतो तसं जोडकापड लावलं की पाय फाकवताना शिवण उसवत नाही.

आपल्या जिल्ह्यात पोहरादेवी आहे, तांडे आहेत, तेव्हा कुणी बंजारा वेशही करेल. फेटिया-कांचळीचं काम डोळ्यात भरतं, पण त्यातले खरे आरसे आणि नाणी भिंतीवर नकोत. पडताना आरसा फुटला तर काच अंगात जाते आणि गादीतही राहते. आरशाच्या जागी चमकीचं कापड लावा, फेटियाचा घेर कमी करा आणि तो गुडघ्याशी संपवा, ओढणी पाठीला टाके घालून बसवा. बांगड्या, पैंजण, गळ्यातलं, कानातलं, सगळं काढून ठेवायचं. अंगठी तर नक्कीच. ती खुंटीत अडकली आणि शरीराचा भार आला तर बोटाची कातडी सोलून निघते. पाठीला पंख किंवा टोपली बांधू नये, कारण पडायचं पाठीवर असतं. मुखवट्याऐवजी रंग लावावा. हिरकणीची दुधाची चरवी फोटोपुरती खाली ठेवावी. आणि वेश तयार झाला की स्पर्धेआधी एकदा तरी तो घालून भिंतीवर चढून बघावं.

सराव किती? महिनाभर आधीपासून आठवड्यातून दोन-तीन दिवस पुरे, मध्ये एक दिवस विश्रांती. हाताच्या जोरावर लोंबकळण्यापेक्षा पायाने अंग वर ढकलायचं असतं, म्हणून घरी उठाबशा आणि एका पायावर तोल धरणं उपयोगी. चढण्याआधी खाली उभं राहून वाट नजरेने वाचायची, कोणता हात कुठे, पाय कुठे. साध्या स्पर्धांत कमी प्रयत्नांत वर पोचणारीला सहसा जास्त गुण मिळतात. शेवटचे दोन दिवस आराम. वजन कमी करायला उपाशी राहणं नको. भाकरी, उसळ, शेंगदाणे-गूळ पोटात पाहिजे. पाळी आली म्हणून नाव मागे घ्यायचं कारण नाही, तिला बरं वाटत असेल तर चढू द्या.

राहिली सही. कर्जाच्या कागदावर आपण व्याज, हप्ता, मुदत विचारतो, तसंच इथेही विचारायचं. प्रशिक्षक हजर असणार का? पडण्याचा सराव आधी घेतात का? गाद्यांमध्ये फटी आहेत का? प्रथमोपचार आणि गाडीची सोय आहे का? दुखापतीचा खर्च कोण करणार? पोरींना कपडे बदलायला बंद खोली आहे का? फोटो कुठे टाकणार? मावशींनी फोन करून हेच विचारलं, तेव्हा कळलं की पोरीने पडण्याचा सराव केलेलाच नव्हता. त्यांनी सांगितलं, "दोन वर्ग कर, मग सही." पोरगी आधी रुसली, पण वर्गाला गेली आणि फॉर्म वेळेत भरला. नऊवारी गटातल्याच शिवणवाल्या ताईंनी शिवली, काठाचं कापड घरातलंच निघालं.

मैत्रिणींनो, अशी भिंत गावोगाव नाही, पण नाही म्हणण्याआधी विचारण्याची सवय गावोगाव लागू शकते. उद्या तुमच्या पोरीचा कबड्डीसाठी, सहलीसाठी, नोकरीसाठी फोन येईल. पुढच्या बैठकीत वरचे प्रश्न वहीत उतरवून घ्या आणि त्यात तुमचे दोन प्रश्न घाला. ते आम्हाला कळवा, आपण ते पुढच्या भागात वाचून दाखवू.