बहात्तर घरांचे विश्व

ज्ञान चौपडीच्या पटावर एकही घर बिननावाचे नसते. पहिले घर जन्माचे, दुसरे मायेचे, तिसरे क्रोधाचे, चौथे लोभाचे. वर चढत गेले की दया, दान, विवेक, भक्ती ही घरे लागतात आणि त्यांच्या अधूनमधून स्वर्ग, नरक, जनलोक, तपोलोक भेटतात. कापडावर किंवा कागदावर रंगवलेला हा पट राजस्थान, गुजरात आणि उत्तर भारतात पिढ्यान्‌पिढ्या अंथरला गेला. महाराष्ट्रात त्याचाच भाऊबंद मोक्षपट या नावाने ओळखला जातो. आज घराघरात असलेली सापशिडी याच घराण्यातली. अठराव्या-एकोणिसाव्या शतकातले असे रंगवलेले पट देशातल्या आणि परदेशातल्या संग्रहालयांत जपलेले आहेत.

जयपूरमध्ये मात्र चौपड म्हटले की आधी चौक आठवतो. सवाई जयसिंह दुसरे यांनी 18 नोव्हेंबर 1727 रोजी या शहराची पायाभरणी केली. आखणीत विद्याधर भट्टाचार्य यांचा मोठा वाटा होता. पूर्वेच्या सूरजपोलपासून पश्चिमेच्या चांदपोलपर्यंत एक सरळ राजमार्ग जातो. उत्तर-दक्षिण रस्ते त्याला जिथे छेदतात तिथे रामगंज चौपड, बडी चौपड आणि छोटी चौपड असे तीन मोठे चौक आहेत. बडी चौपडीवरून दक्षिणेला जौहरी बाजार सुरू होतो, उत्तरेला हवामहल दिसतो. बडी आणि छोटी चौपडीला जोडणारा त्रिपोलिया बाजार. 2020 साली मेट्रो जुन्या शहरात शिरली, तेव्हा तिच्या दोन भुयारी स्थानकांनाही छोटी चौपड आणि बडी चौपड हीच नावे मिळाली. चार दिशांना चार भुजा पसरलेल्या खेळाच्या पटाचा आकार असा शहराच्या रस्त्यांतच उतरला आहे.

तो मूळ खेळ म्हणजे आपल्याकडचा सारीपाट. त्याच्या प्रत्येक भुजेत तीन रांगा, रांगेत आठ घरे, म्हणजे मधला चौक सोडून 96 घरे. चार रंगांच्या सोळा सोंगट्या आणि लांबट फासे. अबुल फजलने 'आईन-ए-अकबरी'त या खेळाचे वर्णन केले आहे. अकबराने त्यात भर घालून सोळा खेळाडूंचा आणि चौसष्ट सोंगट्यांचा चंदलमंडल नावाचा प्रकार खेळल्याची नोंदही तिथे आहे. महाभारतातले द्यूत रंगवताना अनेक चित्रकारांनी युधिष्ठिर आणि शकुनी यांच्यामध्ये हाच पट मांडला. प्रत्यक्षात महाकाव्यातले द्यूत बेहड्याच्या फळांनी खेळायचे, वेगळे होते. पण चित्रकारांना पाहणाऱ्याच्या ओळखीचा पट हवा होता.

सारीपाट ही शर्यत आहे आणि लढाईही. दुसऱ्याची सोंगटी मारायची, आपली सुखरूप घरी न्यायची. ज्ञान चौपडीत कोणी कोणाची सोंगटी मारत नाही. चारजण एकाच पटाभोवती बसले तरी प्रत्येकाची वाट त्याच्या एकट्याची. नियम इतके थोडे की मूलही चटकन शिकते. तरीही हा खेळ शतकानुशतके टिकला तो त्यातल्या जगामुळे. तिथे वरचे आणि खालचे लोक आहेत, त्यांना जोडणाऱ्या वाटा आहेत आणि कोणत्या कर्माने माणूस कुठे पोहोचतो याचा नकाशा आहे.

वैष्णव पटात 72 घरे असतात, नऊ-नऊ घरांच्या आठ रांगा. वाट तळाच्या डाव्या कोपऱ्यातून निघते, रांग संपली की वर चढून उलट्या दिशेने जाते आणि अशी नागमोडी वर सरकत राहते. जिथे पोहोचायचे ते वैकुंठाचे 68वे घर सर्वांत वरच्या रांगेच्या बरोबर मध्यभागी येते. बरेलीचे हरीश जोहरी यांनी 1975 साली 'लीला' या इंग्रजी पुस्तकातून हा पट घरोघरच्या भाष्यासह मांडला. त्यांनी दिलेल्या पद्धतीत खेळाडू आपली खूण म्हणून बोटातली अंगठी किंवा अंगावरची एखादी वस्तू पटावर ठेवतो. सहाचे दान पडल्याशिवाय जन्म नाही. पुढचा प्रवास दहा शिड्या आणि दहा साप यांच्यामधून करायचा.

आता एकाच खेळाडूची अंगठी पाहू. सतराव्या घरात दया आहे. तिथली शिडी पटावरची सर्वांत लांब, थेट 69व्या घरात, ब्रह्मलोकात नेणारी. खेळाडू एका झेपेत शेवटच्या रांगेत पोहोचतो, पण वैकुंठ एका घराने मागे राहते. मागे फिरता येत नाही. पुढे 72व्या घरात तमोगुण आहे आणि तिथे बसलेला साप त्याला 51व्या घरात, पृथ्वीवर आणून सोडतो. पृथ्वीवरून पुढचे प्रत्येक दान म्हणजे कसोटी. एक पडला तर 52वे घर हिंसेचे, तिथला साप 35व्या घरात, नरकात नेतो. तीन पडले तर 54वे घर भक्तीचे आणि तिथून शिडी सरळ वैकुंठात. चार पडले तर 55वे घर अहंकाराचे, आणि तो साप थेट तिसऱ्या घरातल्या क्रोधापाशी उतरवतो.

भक्तीचे घर सहाव्या रांगेच्या टोकाला आहे आणि अहंकाराचे घर नेमके त्याच्या डोक्यावर, सातव्या रांगेच्या सुरुवातीला. दोहोंत अंतर एका ठिपक्याचे. ज्याने कोणी ही घरे अशी शेजारी बसवली त्याला माणसाची चांगली पारख होती. प्रवचनात तासभर सांगूनही जे गळी उतरत नाही ते चारचे दान पडल्यावर लहान मुलालाही कळते. चोविसावे घर कुसंगाचे आणि पंचविसावे सत्संगाचे, हीही जोडी अशीच मुद्दाम लावलेली.

या पटाची चौकट कायम ठेवून वेगवेगळ्या पंथांनी आपापले जग त्यात भरले. जैनांच्या ज्ञानबाजीत साधारणपणे 84 घरे असतात. पटाचा आकार लोकपुरुषाची, म्हणजे माणसाच्या आकृतीत कल्पिलेल्या विश्वाची, आठवण करून देतो. तळाशी नरकभूमी, मध्ये मनुष्यलोक, वर स्वर्गांचे थर आणि अगदी माथ्यावर मुक्त जीवांची सिद्धशिला. कर्मसिद्धांताची बारीक परिभाषा एकेका चौकोनात लिहिलेली असते. पर्युषणाच्या दिवसांत, जेव्हा उपास आणि स्वाध्याय चालतो, तेव्हा हा पट खेळण्याची रीत जैन घरांत होती. व्रताच्या काळात जुगार वर्ज्य, पण हे फासे चालत, कारण इथे पणाला लागतो तो स्वतःचा जीव. सूफींनी शंभर घरांचा पट केला. त्याच्या वाटेवर साधकाच्या अवस्था आहेत आणि शेवटी ईश्वराचे सिंहासन.

मराठी मोक्षपटाची परंपरा आणखी वेगळी. त्याचे कर्तेपण ज्ञानेश्वरांना दिले जाते. हाती असलेले पट मात्र त्यांच्यानंतर कित्येक शतकांनी तयार झालेले आहेत. त्यामुळे हे श्रद्धेचे विधान म्हणूनच घेणे बरे. ग्रंथसंशोधक वा. ल. मंजूळ यांनी मोक्षपटाचा शोध घेऊन तो मराठी वाचकांसमोर आणला. डॅनिश संशोधक याकोब श्मिट-मॅड्सन यांनी कोपनहेगन विद्यापीठातल्या 2019च्या प्रबंधासाठी पश्चिम भारतातल्या अशा पटांचा अभ्यास केला. मोक्षपटावर घरांच्या नावांबरोबर उपदेशाचा मजकूरही लिहिलेला असतो. साप चावला की खेळाडूने तो वाचायचा. खेळता खेळता पाठ होणारी ही पोथीच आहे.

एका घडवलेल्या जगाची अशी ओढ आधुनिक काळातही दिसते. 1974 साली अमेरिकेत गॅरी गायगॅक्स आणि डेव्ह अर्नेसन यांनी 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ प्रसिद्ध केला. टेबलाभोवती बसलेले खेळाडू योद्धा, मांत्रिक, चोर अशी पात्रे घेतात. एकजण सूत्रधार होऊन प्रसंग सांगतो आणि फाशांवरून निकाल लागतो. एकच कथा महिनोन्‌महिने, कधी वर्षानुवर्षे पुढे चालते. अशा कथांसाठी आखलेली काल्पनिक जगे पुढे पुस्तकरूपाने आली. गायगॅक्स यांचे 'ग्रेहॉक' 1980 साली आले. कॅनडातल्या एड ग्रीनवुड यांनी लहानपणापासून मनात रचलेले 'फरगॉटन रेल्म्स' 1987 साली प्रसिद्ध झाले. खेळाचे नियम त्यानंतर अनेकदा बदलले, जुन्या आवृत्त्या मागे पडल्या. ग्रीनवुड यांच्या जगातली शहरे, देव आणि नद्या मात्र खेळाडूंनी सोडल्या नाहीत. 2023 साली गाजलेला 'बाल्डर्स गेट 3' हा संगणक-खेळ त्याच जगातल्या एका शहराच्या नावाने आला.

या खेळात आणि ज्ञान चौपडीत एक मोठा फरक आहे. 'डंजन्स अँड ड्रॅगन्स'मध्ये खेळाडू निवड करतो. दार उघडायचे की पळायचे, राक्षसाशी लढायचे की बोलायचे, हे त्याचे तो ठरवतो. ज्ञान चौपडीत निवडीला जागाच नाही, पडेल ते दान घ्यावे लागते. भूमिका तरीही वठवायची असते, कारण अंगठी ज्या घरात थांबते त्या घराचे नाव तेवढ्या वेळेपुरते खेळाडूचे होते. मत्सराच्या घरात कोण बसले आणि दानाच्या घरात कोण, हे सगळ्यांना दिसते. घरातल्या माणसांनी एकमेकांबद्दल एरवी न बोललेल्या कितीतरी गोष्टी पटाभोवती सहज बोलता येतात. या खेळाची खरी गोडी इथे आहे.

जग काढून घेतले की काय उरते ते सापशिडीच्या इतिहासात दिसते. इंग्लंडमध्ये 1892च्या सुमारास हा खेळ छापील रूपात बाजारात आला. सुरुवातीच्या पटांवर काटकसर, उद्योग, पश्चात्ताप अशा शिड्या होत्या. म्हणजे तिथल्या समाजानेही आपले जग त्यात भरून पाहिले. लवकरच ती नावेही गळाली आणि एक ते शंभर आकडे तेवढे राहिले. अमेरिकेत मिल्टन ब्रॅडली कंपनीने 1943 साली साप वगळून त्यांच्या जागी घसरगुंड्या आणल्या. भारतात परत आली ती हीच आकड्यांची सापशिडी. ती पाच-सहा वर्षांच्या मुलांना आवडते आणि थोडे मोठे झाल्यावर मुले ती सोडून देतात. मोठ्या माणसांनी त्या पटाकडे परत यावे असे त्यात काही ठेवलेलेच नाही, ही खरोखर वाईट गोष्ट झाली.

योगायोगाने जयपूर हे नाव आज जगभर एका पत्त्यांच्या खेळाला आहे. सेबास्तियाँ पॉशों यांचा दोघांनी खेळायचा 'जयपूर' 2009 साली निघाला. खेळाडू व्यापारी होतात, हिरे, सोने, चांदी, कापड, मसाले आणि चामडे यांची देवघेव करतात आणि उंट गोळा करतात. खेळ चोख आहे. पण व्यापाराचे डावपेच तसेच ठेवून शहराचे नाव बदलले तरी फारसे बिघडणार नाही. ज्ञान चौपडीतले एक घर जरी बदलले तरी विचारांची मांडणीच बदलते.

अलीकडे जुन्या पटांना पुन्हा हात लागू लागले आहेत. जोहरींच्या पुस्तकाची अनेक भाषांतरे झाली. 'लीला' या नावाने हा पट रशियन भाषकांमध्ये आत्मपरीक्षणासाठी खेळला जातो, तोही बहुधा जाणत्या मार्गदर्शकाच्या सोबतीने. म्हैसूरची रामसन्स कला प्रतिष्ठान ही संस्था पारंपरिक पट, सोंगट्या आणि फासे कारागिरांकडून नव्याने करवून घेते आणि त्यांची प्रदर्शने भरवते. घरी खेळायचा तर साहित्य फार लागत नाही. आठ रांगांचा चौकटींचा मोठा कागद, एक फासा आणि प्रत्येकाची एक अंगठी पुरते. घरांची नावे मात्र सुवाच्य अक्षरात लिहावीत आणि अंगठी थांबली की मोठ्याने वाचावीत.