ढोरबगळा आणि गाजरगवत

पावसाळ्यात बुलढाणा जिल्ह्यातील कोणत्याही शिवारात दोन पांढरी चिन्हे हटकून दिसतात. डवऱ्याच्या मागे चालणारा ढोरबगळा हे एक व धुऱ्यावर फुललेले गाजरगवत हे दुसरे. शेतकऱ्याने जमीन मोकळी केली की दोघेही तेथे येतात; परंतु एक देऊन जातो व दुसरे घेऊन बसते.

ढोरबगळा लांब पायांच्या पाणपक्ष्यांच्या कुळातील असला, तरी पाण्यापेक्षा कुरणात अधिक रमतो. तो गुरांच्या गोचिडांवर जगतो, अशी समजूत आहे. वस्तुतः गुरांच्या पावलांनी अथवा नांगराने उठविलेले नाकतोडे, रातकिडे व अळ्या हेच त्याचे मुख्य अन्न होय. विणीच्या काळात त्याच्या डोक्यावर, मानेवर व पाठीवर नारिंगी छटा येते आणि गावालगतच्या मोठ्या झाडांवर तो समूहाने घरटी बांधतो.

गाजरगवत मूळचे अमेरिका खंडातील. १९५५ च्या सुमारास पुणे येथे त्याची नोंद झाली व पुढे ते देशभर पसरले. एका झाडापासून हजारो बिया तयार होतात व त्या वारा, पाणी, वाहने आणि शेणखत यांबरोबर दूरवर जातात. गुरे हे गवत सहसा खात नाहीत. माणसाला त्यापासून त्वचेची खाज व दम्याचा त्रास होतो.

म्हणून दोघांशी वागण्याची रीतही भिन्न हवी. घरट्यांची झाडे पावसाळ्यात तोडू नयेत. कीटकनाशके गरजेपुरतीच वापरावीत. विषारी किडे खाऊन पक्ष्यांनाही अपाय होतो. गाजरगवत मात्र फुलोऱ्यापूर्वी, जमीन ओली असताना, हातमोजे घालून मुळासकट उपटावे. फुले न आलेल्या गवताचे कंपोस्ट करता येते. पडीक जागी तरोट्याचे बी टाकल्यास त्याची दाट वाढ गाजरगवताला दाबून टाकते. १९८४ पासून भारतात सोडण्यात आलेले मेक्सिकन भुंगेरेही त्याची पाने फस्त करतात. ते आढळल्यास तेथे फवारणी टाळावी.

एकट्याने आपला धुरा स्वच्छ केला, तरी शेजारच्या पडीतून बी पुन्हा येते. यास्तव गावपातळीवरील कार्यकर्त्यांनी रस्ते, गावठाण व शाळेचे आवार यांसह संपूर्ण शिवाराची मोहीम एकाच आठवड्यात, फुले येण्यापूर्वी, हाती घ्यावी. बगळ्याला बोलवावे लागत नाही. गाजरगवत मात्र सर्वांनी मिळून घालविल्याशिवाय जात नाही.