पाहुण्या उपदेशकाचा हिशेब

आपल्या जिल्ह्यात, म्हणजे तेव्हाच्या अहमदनगरात, 1831 साली अमेरिकन मराठी मिशनचे काम सुरू झाले. पुढे खेडोपाडी ख्रिस्ती मंडळ्या उभ्या राहिल्या. अशा लहान मंडळीला स्वतःचा पाळक परवडतोच असे नाही. एका पाळकाकडे अनेकदा चार-पाच गावे असतात. मग उरलेल्या रविवारी उपदेशाला कोण? कुणी निवृत्त पाळक, कुणी शाळामास्तर, कुणी शास्त्र शिकलेली भगिनी. हे पाहुणे येतात म्हणून गावात उपासना होते.

आता हिशेब मांडा. उपदेशक चाळीस किलोमीटरवरून मोटारसायकलने आले. जाऊन-येऊन ऐंशी किलोमीटर, म्हणजे दोन लिटर पेट्रोल. लिटरचा भाव शंभराच्या वर. आपण हार घालतो, जेवू घालतो, पाकिटात दोनशे रुपये ठेवतो आणि म्हणतो, "साहेब, गोड मानून घ्या." साहेब गोड मानतातच, तोंडाने कोण मागणार? पण पदरचे गेलेले असतात. तयारीला घातलेली शनिवारची रात्र तर कुणी मोजतच नाही.

"सेवेला कसला पगार?" असे काही जण विचारतात. पौल तंबू शिवून पोट भरत होता, हा दाखलाही देतात. खरे आहे. पण त्याच पौलाने करिंथकरांस लिहिताना मळणीच्या बैलाला मुसके न बांधण्याच्या नियमाची आठवण दिली आणि सुवार्ता सांगणाऱ्याचा हक्क मांडला. खळे पाहिलेल्या माणसाला याचा अर्थ सांगायला नको. पौलाने आपला हक्क आपणहून सोडला. आपण दुसऱ्याचा बुडवावा, असे त्यातून निघत नाही.

मग करायचे काय? प्रवासखर्च आणि मानधन वेगळे ठेवा. प्रवासखर्च ही परतफेड आहे, देणगी नव्हे. मानधनाचा आकडा वार्षिक सभेत ठरवा. त्या दिवशी थैलीत किती पडले, यावर सोडू नका. पेरणीच्या दिवसांत थैली हलकीच असते, उपदेश काही हलका नसतो. बाई असो की बुवा, पदवीवाला असो की साधा, दर एकच. बोलावतानाच आकडा सांगा, उपासना संपताच पाकीट द्या आणि खजिनदाराने वहीत सही घ्यावी. ज्यांना नको असेल ते दानपेटीत टाकतील.

मंडळी गरीब असेल तर जवळची दोन गावे एकत्र या. सकाळी एकीकडे, दुपारी दुसरीकडे उपासना ठेवा आणि खर्च वाटून घ्या. कापणीच्या सणाला येणाऱ्या धान्याच्या लिलावातला काही वाटा यासाठी राखून ठेवता येईल.

सप्ताहाला कीर्तनकार बोलावताना बिदागी आधी ठरते, त्यात कुणाला कमीपणा वाटत नाही. मग इथेच संकोच का? पाहुणा तक्रार करीत नाही. पुढच्या खेपेला "जमणार नाही" एवढाच निरोप येतो. सतरंजी अंथरलेली असते, माणसे जमलेली असतात, सांगणारा मात्र नसतो. तेव्हा मंडळी, चर्च कमिटीच्या येत्या बैठकीत हा विषय घ्याच.