बुद्धी नाठी, पण कशाने?

साठ-सत्तर वर्षांपूर्वी घरातलं म्हातारं माणूस विसरायला लागलं, जेवण झालेलं असताना पुन्हा ताट मागू लागलं, की डॉक्टरांचं उत्तर ठरलेलं असे : मेंदूच्या नसा कडक झाल्यात, वय झालं, चालायचंच. आपल्याकडेच नव्हे, विलायतेतही हेच. मग १९७०च्या सुमारास न्यूकॅसलमध्ये टॉमलिन्सन, ब्लेस्ड आणि रॉथ या तिघांनी स्मृतिभ्रंश होऊन वारलेल्या ५० वृद्धांचे मेंदू तपासले. कडक नसांचे बळी अपेक्षेपेक्षा बरेच कमी निघाले. जास्त मेंदूंत सापडले ते प्रथिनांचे थर आणि गुंते. आलोइस अल्झायमरने १९०७ साली एका मध्यमवयीन बाईच्या मेंदूत नोंदवले होते तसलेच. १९७६ साली अमेरिकेत रॉबर्ट कॅट्झमन यांनी ठणकावून सांगितलं की म्हातारपणाचा म्हणून सोडून दिलेला हा विसर म्हणजे अल्झायमरचाच आजार आहे. तिथून पुढे पैसा, प्रतिष्ठा आणि हुशार पोरं त्या प्रथिनांच्या मागे लागली. रक्तवाहिन्या अडगळीत गेल्या.

गंमत अशी की अल्झायमरच्या त्या मूळ टिपणातच, मेंदूच्या मोठ्या रक्तवाहिन्या कडक झाल्या होत्या, असं एक वाक्य आहे. त्यावर फारसं कुणी थांबलं नाही.

थांबायला लावलं ते अमेरिकेतल्या जोगिणींनी. डेव्हिड स्नोडन यांनी १९८६ मध्ये स्कूल सिस्टर्स ऑफ नोत्र दाम या पंथाच्या नन्सचा अभ्यास सुरू केला. पंचाहत्तरी ओलांडलेल्या ६७८ नन्स त्यात आल्या आणि मरणोत्तर मेंदू द्यायला तयार झाल्या. एकाच तऱ्हेचं घर, एकाच पंगतीचं जेवण, सिगारेट-दारू जवळपास नाही. तुलना करायला याहून बरी माणसं कुठून आणायची? १९९७ साली निष्कर्ष आले. ज्यांच्या मेंदूत अल्झायमरच्या पुरेशा खुणा होत्या अशा ६१ जणींपैकी, मेंदूत एकही रक्ताची गाठ अडकल्याची खूण नव्हती त्यांच्यात ५७ टक्क्यांना हयातीत स्मृतिभ्रंश झाला होता. ज्यांच्या मेंदूच्या खोल भागात त्याबरोबर एक-दोन बारीक खड्डेही होते, त्यांच्यात ९३ टक्क्यांना. म्हणजे प्रथिनं साठूनही काहीजणी शाबूत राहिल्या होत्या. नसांनी साथ सोडली तेव्हा तोल गेला. माझ्या मते गेल्या पन्नास वर्षांतला या विषयातला सर्वांत बोलका आकडा हाच.

हे खड्डे पडतात कसे, ते जरा जवळून पाहण्यासारखं आहे. मेंदूचं वजन शरीराच्या २ टक्के, पण ऑक्सिजन तो जवळजवळ २० टक्के खातो. मेंदूच्या तळाशी असलेल्या जाड धमनीतून केसासारख्या शाखा थेट काटकोनात फुटतात आणि खोल गाभ्यात शिरतात. मूळ धमनीतला दाब वाटेत फारसा न ओसरता त्यांच्यावर येऊन आदळतो. वर्षानुवर्षं बीपी वाढलेलं असलं की त्यांच्या भिंती जाड होतात, आतली वाट अरुंद होते. शेजारून मदतीला येईल अशी दुसरी शाखाही नसते. कालव्याच्या टेलच्या शेतकऱ्यासारखी गत : वरून पाणी थोडं जरी कमी सुटलं, तरी पहिलं रान वाळतं ते यांचं. एखादी शाखा बंद पडली की तिच्या टापूत वाटाण्याएवढा खड्डा उरतो. बहुतेकदा ना तोंड वाकडं, ना हात लुळा. घरच्यांना पत्ताही लागत नाही. लक्षण दिसतं ते वेगळंच. दुकानदार आजोबांना हिशेब येतो, पण सुटे पैसे परत द्यायला वेळ लागतो. पाय उचलून टाकण्याऐवजी घासत चालतात. नावं आठवतात, पण दोन कामं एकदम हाती घेतली की गोंधळ उडतो.

एमआरआयमध्ये याच आजाराचे पांढरे ठिपकेही दिसतात. साठीनंतर थोडेफार ठिपके बहुतेकांना असतात, त्यामुळे रिपोर्टातली ओळ वाचून झोप उडवून घ्यायचं कारण नाही. ठिपके वाढतात किती, हा खरा प्रश्न.

मग बीपी उतरवलं तर बुद्धी वाचते का? १९९८ मध्ये युरोपातल्या सिस्ट-युर चाचणीने हो म्हटलं. औषध घेणाऱ्यांत स्मृतिभ्रंश निम्म्यावर आला. पण एकूण रुग्ण होते २१ विरुद्ध ११. एवढ्या जिवावर छातीठोक बोलणं अवघड. अमेरिकेतल्या स्प्रिंट चाचणीत ९,३६१ माणसं होती. निम्म्यांचा वरचा आकडा १२०च्या खाली आणायचा, निम्म्यांचा १४०च्या. हृदयविकार आणि मृत्यू इतके घटले की २०१५ मध्ये चाचणी आधीच आवरती घेतली. हृदयासाठी ती आनंदवार्ता, मेंदूच्या प्रश्नाचे मात्र हाल झाले. कारण स्मृतिभ्रंश यायला वेळ लागतो. २०१९चा हिशेब म्हणून अर्धामुर्धा आहे : सौम्य विस्मरण १९ टक्क्यांनी कमी, स्मृतिभ्रंश १७ टक्क्यांनी कमी, पण हा दुसरा आकडा संख्याशास्त्राच्या कसोटीला उतरला नाही. एमआरआयमधल्या पांढऱ्या भागाची वाढ मात्र कडक नियंत्रणाच्या गटात कमी होती.

उरलेलं उत्तर चीनच्या खेड्यांतून आलं. ३२६ गावं, जवळपास ३४,००० माणसं, आणि औषध देणारे एमबीबीएससुद्धा नव्हेत, गावचे आरोग्यसेवक. यातल्या निम्म्या गावांत वरच्या डॉक्टरांच्या देखरेखीखाली त्यांनी गोळ्या सुरू केल्या, वाढवल्या, घरी बीपी मोजायला शिकवलं; लक्ष्य १३०/८०च्या खाली. चार वर्षांत त्या गावांतला वरचा आकडा उरलेल्या गावांपेक्षा सरासरी २२ने जास्त उतरला आणि स्मृतिभ्रंश १५ टक्क्यांनी घटला. २०२५ मध्ये छापून आलेल्या या कामाची चर्चा नव्या इंजेक्शनांच्या मानाने फार कमी झाली, हे मला खटकतं.

इंजेक्शनांचंच बघा. लेकॅनेमॅब मेंदूतलं प्रथिन खरोखर साफ करतं. १८ महिन्यांत घसरण २७ टक्क्यांनी मंदावली. पण दर दोन आठवड्यांनी सलाईन, वरचेवर एमआरआय, आणि काहींच्या मेंदूत सूज किंवा बारीक रक्तस्राव. शेवटी तिथेही घोडं अडतं ते रक्तवाहिनीपाशीच.

रक्त पातळ करायच्या गोळीबद्दलही एक हिशेब मिटला. ऑस्ट्रेलिया-अमेरिकेतल्या अ‍ॅस्प्री चाचणीत १९,११४ निरोगी वृद्धांना रोज १०० मिलिग्रॅम अ‍ॅस्पिरिन किंवा नुसती गोळी दिली. २०१८चा निकाल : बुद्धी वाचली नाही, मोठे रक्तस्राव मात्र वाढले. हार्ट अटॅक किंवा पक्षाघात होऊन गेलेल्यांची गोष्ट वेगळी. त्यांनी गोळी मनाने बंद करू नये. पण शेजाऱ्याने घेतली म्हणून सत्तरीत सुरू करण्यात अर्थ नाही.

व्यायाम, आहार, मेंदूला काम आणि बीपी-शुगरवर लक्ष असं सगळं एकत्र देणारा फिनलंडचा फिंगर प्रयोग २०१५ मध्ये यशस्वी ठरला. लॅन्सेटच्या समितीने २०२४ मध्ये टाळता येण्याजोगी १४ कारणं मोजून, ४५ टक्के स्मृतिभ्रंश टळू किंवा लांबू शकतो असा अंदाज दिला. तो अख्ख्या समाजाचा अंदाज आहे. तुमच्या आईचा धोका ४५ टक्क्यांनी उतरेल, असं त्यातून निघत नाही.

ऐंशीनंतर हात जरा आवरता घ्यावा लागतो. कडक नियंत्रणात चक्कर, मूत्रपिंडावर ताण, सोडियम घसरणं हे स्प्रिंटमध्येही जास्त दिसलं. म्हणून म्हाताऱ्या माणसाचं बीपी बसून घेतल्यावर उभं करूनही घ्यावं. मोजण्याआधी पाच मिनिटं शांत बसवावं, हात टेबलावर टेकलेला असावा आणि पट्टा फुगत असताना गप्पा नकोत. आपल्या बऱ्याच ओपीडीत रांगेतून आल्या आल्या बीपी घेतात; मग त्या आकड्यावर गोळी ठरते.

भारतात साठीपुढच्या ७.४ टक्के लोकांना स्मृतिभ्रंश आहे, म्हणजे सुमारे ८८ लाख, असा अंदाज २०२३ मध्ये आला. त्याच्या मुळाशी असलेली वृद्धांची मोठी पाहणी मुंबईच्या देवनारमधल्या लोकसंख्या संस्थेने चालवली. पण आकड्यांपेक्षा गडचिरोलीचं काम मला महत्त्वाचं वाटतं. सर्च संस्थेने ८६ गावांत मृत्यूंची कारणं शोधली, तेव्हा २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांत पहिल्या क्रमांकावर निघाला पक्षाघात : दर सात मृत्यूंत एक. त्यातली ८७ टक्के माणसं घरीच वारली. तिथे कुणी पांढरे ठिपके मोजायला जाणार नाही, दर दोन आठवड्यांनी सलाईनही लावणार नाही. बीपीचं यंत्र घेऊन आशाताई मात्र दारात पोचू शकते. आरोग्य खात्याने चाळिशीतल्या माणसाचंही बीपी तिला मोजू द्यावं, आणि एका महिन्याच्या गोळ्या संपायच्या आत पुढच्या महिन्याच्या उपकेंद्रात हजर ठेवाव्यात.