सांगितले ते पोहोचले का?

आपल्याकडे कोणी पीएच.डी. झाले की समाजाच्या कार्यक्रमात शाल, नारळ, फुलांचा गुच्छ, एक फोटो, आणि मग सगळे जेवायला. प्रबंध कशावर लिहिला हे हॉलमधल्या चार जणांनाही ठाऊक नसते. विचारायचे कोणाला सुचत नाही, आणि सांगायला माईकही कोणी देत नाही.

आज एका अशा विषयातल्या डॉक्टरेटबद्दल लिहिते, जिचा संबंध आपल्या औषधाच्या डब्याशी येतो. विषयाचे नाव आरोग्यसंवाद. डॉक्टर, नर्स, औषधवाला, वर्तमानपत्र, टीव्ही हे आपल्याला प्रकृतीविषयी जे सांगतात ते आपल्यापर्यंत कसे पोहोचते, याचा अभ्यास. या विषयातल्या वर्षभरातल्या उत्तम प्रबंधाला अमेरिकेत एक मानाचे पारितोषिक देतात. इंटरनॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन आणि नॅशनल कम्युनिकेशन असोसिएशन या दोन संस्थांचे आरोग्यविभाग मिळून ते देतात, आणि त्याला ॲबी प्रेस्टिन यांचे नाव आहे. या बाईंनी कॅलिफोर्नियात डॉक्टरेट केली आणि तरुणपणीच त्या गेल्या. त्यांच्या अभ्यासाचा विषय होता आशा. सर्वांनी दुबळा ठरवलेला माणूस चिकाटीने पुढे येतो, अशी गोष्ट पडद्यावर पाहिली तर बघणाऱ्याच्या मनात आशा वाढते का? वाढते, आणि स्वतःच्या कामासाठी झटण्याची उमेदही वाढते, असे त्यांना आढळले. आजाऱ्याच्या उशाशी बसून रडक्या मालिका लावणाऱ्यांनी हे जरूर लक्षात घ्यावे.

काही जण म्हणतील, बोलण्यात संशोधन कसले? डॉक्टरने सांगावे, आपण ऐकावे. तर ऐका. २००६ साली अमेरिकेत टेरी डेव्हिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३९५ रुग्णांना औषधाच्या बाटल्यांवरच्या चिठ्ठ्या वाचायला दिल्या. एकीवर लिहिले होते, दोन गोळ्या दिवसातून दोनदा घ्या. जेमतेम वाचता येणाऱ्यांपैकी शंभरात ७१ जणांनी ते बरोबर सांगितले. मग म्हटले, आता दिवसभराच्या गोळ्या मोजून दाखवा. चार गोळ्या मोजून दाखवणारे शंभरात फक्त ३५ निघाले. म्हणजे तोंडाने बरोबर म्हणणारी अर्धी माणसे हाताने चुकली. आपली पिढी घडघडा वाचणारी आहे, पण चष्मा घरी राहिला की आपणही त्याच रांगेत.

इथे सालमियात तर भाषाच पाच-सहा. कुवेतच्या वस्तीत निम्म्याहून जास्त माणसे बाहेरून आलेली, त्यात भारतीय सर्वांत जास्त. दवाखान्यात डॉक्टर इजिप्तचा, नर्स केरळची, औषधवाला आणखी कुठला, आणि समोर बसलेली आजी रत्नागिरीची. आम्ही नर्सा आपसात एकमेकींना चेची म्हणायचो, पण रुग्णाशी बोलताना हिंदी, तुटकी अरबी आणि हातवारे यांची खिचडी. अरबीत गोळीला हब्बा म्हणतात. दोन गोळ्या म्हणायच्या तर वेगळा आकडा लागत नाही, एकच शब्द, हब्बतैन. दोनदा म्हणजे मर्रतैन. आपल्या कानाला शेवटचा ‘तैन’ दोन्हीकडे सारखाच. दोन गोळ्या एकदा की एक गोळी दोनदा? रक्तदाबाच्या किंवा साखरेच्या गोळीत हा घोळ झाला तर माणूस चक्कर येऊन पडतो. म्हणून आम्ही पाकिटावर सूर्य आणि चंद्र काढून त्यांच्यासमोर तितके ठिपके द्यायचो.

मराठीत सगळे सोपे आहे असेही नाही. ‘गोळी बंद झाली’ म्हणजे डॉक्टरांनी बंद केली, की पाकीट संपले आणि कोणी आणले नाही? ‘उपाशीपोटी’ म्हणजे चहासुद्धा नको, की चहा-बिस्किट चालते? ‘रिपोर्ट पॉझिटिव्ह आला’ ऐकून देवाचे आभार मानणारे मी पाहिले आहेत. घाबरलेल्या माणसाला तर पुढचे काही ऐकूच येत नाही. डॉक्टरांनी सांगितलेल्यापैकी ४० ते ८० टक्के गोष्टी रुग्ण लगेच विसरतो, आणि जे आठवते त्यातले जवळजवळ निम्मे चुकीचे असते, असे रॉय केसेल्स यांनी २००३ साली आधीच्या अभ्यासांवरून लिहिले आहे.

याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोत डीन शिलिंजर यांनी मधुमेहाच्या रुग्णांची डॉक्टरांशी होणारी बोलणी टेप करून तपासली. रुग्णाला सांगितलेल्या १२४ नव्या गोष्टींपैकी फक्त १५ गोष्टींबाबत डॉक्टरांनी विचारले होते, ‘काय समजले, सांगा बघू.’ ज्यांना असे विचारले गेले, त्यांची साखर जास्त आटोक्यात होती. खर्च काहीच नाही, वेळही फारसा नाही. वॉर्डातल्या अनुभवी सिस्टर हे आपणहून करतात, पण सिस्टरच्या अनुभवाला कागदावर किंमत नसते. आकडे मांडले की डॉक्टर मंडळी मान डोलावतात. म्हणून असे प्रबंध लिहिणाऱ्यांचा सन्मान व्हायला हवा असे मला वाटते.

आपल्या समाजाला संशोधनाचा मान नवा नाही. डॉ. जेरुशा झिराड यांनी १९१९ मध्ये लंडनची एम.डी. मिळवली, पुढे १९४७ पर्यंत कामा हॉस्पिटलची धुरा वाहिली, १९६६ मध्ये पद्मश्री मिळाली. मुंबईत बाळंतपणात बायका का दगावतात, याची त्यांनी मुद्दाम पाहणी केली होती. बाई का दगावली हे विचारणे जितके मोलाचे, तितकेच तिला काय सांगितले होते आणि ती काय समजली, हे विचारणेही.

कुवेतच्या नावाचेही एक पारितोषिक आहे. शेख सबाह यांच्या नावाने जागतिक आरोग्य संघटना वृद्धांची देखभाल आणि आरोग्यसंवर्धन यांवरच्या संशोधनाला ते देते. वृद्ध म्हणजे आपणच, तेव्हा त्या बातमीवर नजर ठेवायला हरकत नाही.

पुढच्या वेळी तपासणीला जाल तेव्हा उठायच्या आधी म्हणा, ‘डॉक्टर, मला काय समजले ते सांगते, बरोबर आहे का बघा.’ डॉक्टर घाईत असले तर सिस्टरला सांगा. आणि समाजातल्या कोणाला या विषयात पीएच.डी. मिळाली तर शाल घातल्यावर माईक त्याच्या हातात द्या, दहा मिनिटे. मराठीत. जेवण तोवर गरमच राहील.