पहिला शब्द कोणी उच्चारायचा?

कशेळी-काल्हेरच्या गोदामांत दुपारच्या सुट्टीत तरुण मंडळी मोबाईलवर खेळ खेळताना दिसतात. खेळ म्हणजे नुसती मारामारी, अशी वडीलधाऱ्यांची समजूत असते. परंतु त्यांतील काही खेळांत शेती आहे, संसार आहे, प्रेमही आहे. आणि प्रेम म्हटले की जुना प्रश्न आलाच. पुढाकार कोणाचा?

आपल्याकडे हा प्रश्न नवा नाही. एकनाथांनी १५७१ साली पूर्ण केलेल्या ‘रुक्मिणी स्वयंवरा’त पहिला शब्द रुक्मिणीचा आहे. भावाने शिशुपालाशी लग्न ठरविलेले; तेव्हा तिने सुदेव नावाच्या ब्राह्मणाबरोबर कृष्णाला पत्र धाडले. पत्र भावाच्या हाती पडले असते तर? कृष्ण नाही म्हणाला असता तर? हा धोका तिने पत्करला, म्हणून तो पुढाकार. आम्हां कामगार चळवळीतल्या माणसांना ही खूण चटकन पटते. मालकापुढे मागणीचे पहिले वाक्य जो बोलतो, त्याचेच नाव आधी टिपले जाते.

आता खेळाकडे वळू. ‘स्टारड्यू व्हॅली’ हा २०१६ साली निघालेला खेळ एरिक बॅरोन या अमेरिकन तरुणाने एकट्याने रचला. खेळणारा त्यात शेतकरी होतो. गावातील ज्या व्यक्तीवर मन बसेल, तिला आठवड्यातून दोन भेटवस्तू देता येतात. अत्यंत आवडती वस्तू दिली तर ८० गुण, नावडती दिली तर गुण कापले जातात. २५० गुणांचे एक हृदय. आठ हृदये भरली की २०० नाण्यांचा पुष्पगुच्छ द्यायचा. दहा भरली की ५,००० नाण्यांचे पदक देऊन लग्नाची मागणी घालायची. गावातील एकही मुलगा वा मुलगी आपण होऊन मागणी घालीत नाही. तशी सोयच ठेवलेली नाही.

बरे, नकार मिळाला तर? रात्री झोपल्याखेरीज त्या दिवसाची नोंद होत नाही. खेळ बंद करून पुन्हा उघडला की तीच सकाळ! रुक्मिणीला असे पुन्हा उजाडणार नव्हते. आमच्या पोरांना आम्ही एवढेच बजावतो की, शेजारी उभे राहून खोकी बांधणाऱ्या मुलीच्या डोक्यावर हृदये भरत नसतात, आणि दहा भेटवस्तू घेऊनही ती नाही म्हणाली, तर ते नाहीच.

जपानच्या कोनामी कंपनीने १९९४ साली काढलेल्या ‘तोकिमेकी मेमोरियल’ची तऱ्हा निराळी. तेथे शाळेची तीन वर्षे खेळणारा मुलगा अभ्यास, व्यायाम, गाठीभेटी सांभाळतो. आणि निरोपाच्या दिवशी एका झाडाखाली मुलगी येऊन आपले प्रेम सांगते. वरवर पाहता पुढाकार तिचा. पण तीन वर्षांचा हिशेब जुळला तरच ती येते. आम्ही त्याला पावती म्हणू.

बेल्जियमच्या लॅरियन कंपनीचा २०२३ चा ‘बाल्डर्स गेट ३’ याहून धीट. त्यातील सोबती आपण होऊन जवळ येतात, मनातले बोलतात, प्रसंगी सोडूनही जातात. प्रारंभी मात्र ते फारच लवकर प्रेमाला येतात, अशी खेळणाऱ्यांत कुजबुज झाली. शोध घेता आढळले की, मर्जी जुळण्यासाठी लागणारा आकडा चुकून फार खाली राहिला होता. कंपनीने तो दुरुस्त केला, आणि तीच मंडळी जरा दमाने बोलू लागली.