आधी समोरच्याचा पेला

स्मरणिकेसाठी लेख मागताना संपादक मंडळाने यंदा एक अट घातली : आजार, औषधे आणि लसीकरण यांविषयी लिहायचे नाही, स्वतःच्या छंदाविषयी लिहायचे. “तुमचा छंद कोणता?” असे दूरध्वनीवर विचारले गेले. “पेये. तयार करणे, पिणे आणि पाजणे,” असे मी उत्तर दिले, तेव्हा पलीकडे क्षणभर शांतता पसरली. गोव्यात राहून पेयांचा छंद म्हटले की ऐकणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोणते कपाट उभे राहते, हे मला ठाऊक आहे. एका बालरोगतज्ज्ञ बाईंच्या घरी तसे कपाट असावे, ही कल्पना संपादकांना रुचली की धक्कादायक वाटली, ते मात्र कळले नाही.

माझे कपाट तसे निरुपद्रवी आहे. त्यात आगळाच्या चार बाटल्या असतात, अमृत कोकमाच्या दोन असतात. उकडलेल्या कैरीचा गूळ घालून केलेला पाक असतो. रामनवमीच्या पानकासाठी सुंठ, मिरी आणि वेलची यांची पूड एका घट्ट झाकणाच्या डबीत असते. मार्च-एप्रिलमध्ये शीतकपाटात काही तासांपुरता नीरो येऊन जातो. काजूचे बोंडू तुडवून त्यांच्या चोथ्यावर वजन ठेवले की जो स्वच्छ, गोड रस ठिबकतो, तो नीरो. सोळाव्या शतकात पोर्तुगिजांनी ब्राझीलहून आणलेल्या झाडाने आमच्या डोंगरांना दिलेले हे सर्वांत निष्पाप पेय. त्याचे निष्पापपण मात्र अल्पायुषी असते. सकाळी भट्टीवरून आणलेला नीरो उन्हे चढू लागली की आंबू लागतो. पुढे त्या आंबलेल्या रसाचे एकदा ऊर्ध्वपातन केले की हुर्राक आणि पुन्हा केले की फेणी. फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. नीरोला ते मिळणे कठीण, कारण तो बाटलीत थांबतच नाही. तो त्याच सकाळी, चार माणसांत वाटूनच संपवावा लागतो. मला वाटते, या छंदाचे सारे मर्म नीरोच्या या स्वभावात आहे.

हा छंद मला अण्णांकडून, म्हणजे माझ्या वडिलांकडून मिळाला. ते मराठी प्राथमिक शाळेत शिक्षक होते. फोंडा तालुक्यातील आमच्या कुळागरात पोफळींच्या सावलीत भिरंडाची पाच झाडे होती. आमच्याकडे कोकमाच्या फळाला भिरंड म्हणतात आणि वाळवलेल्या सालींना सोले. एप्रिलच्या अखेरीस फळे लाल होऊ लागत आणि शाळेला सुट्टी लागत असे. अण्णांच्या मते हा योगायोग नव्हता. शिक्षण खात्याने भिरंडांचा हंगाम पाहूनच सुट्टी ठरविली असली पाहिजे.

मग महिनाभर आमच्या ओसरीचा कारखाना होई. पिकलेली फळे धुऊन, पुसून चिरायची. बिया आणि गर वेगळा काढायचा. बियांचे पुढे भिरंडेल होई, जे थंडीत भेगाळलेल्या टाचांना लागे. सालींचे तीन वाटे पडत. पहिला वाटा सोलांचा. साली उन्हात वाळवायच्या, फळाच्याच रसात पुन्हा बुडवायच्या, पुन्हा वाळवायच्या. असे अनेकदा केल्यावर त्या काळ्याभोर आणि लवचीक होतात. दुसरा वाटा आगळाचा. त्यात भरपूर मीठ घालायचे, रोज ढवळायचे आणि सुटलेला गडद रस गाळून बाटल्यांत भरायचा. तिसरा वाटा अमृत कोकमाचा. सालींच्या वाट्यांत साखर भरून त्या बरणीत थरांनी रचायच्या. साखर वजनाने सालींच्या जवळजवळ दुप्पट लागते. मग बरणीच्या तोंडाला फडके बांधून ती आठवडाभर उन्हात ठेवायची. बरणी चिनी मातीची किंवा काचेचीच हवी. या आम्लापुढे धातूचे भांडे टिकत नाही. आणि हे सारे पहिल्या पावसाच्या आत. आकाश भरून आले की अण्णा वर्गातल्यासारखी हाक देत आणि आम्ही भावंडे सुपे, चटया घेऊन धावत सुटत असू.

त्या महिन्यात आमचे सारे कपडे डागाळलेले असत. साबण लागला की लाल डाग निळसर होई, याचे आम्हांला फार नवल वाटे. आम्लात लाल आणि अल्कलीत निळसर दिसणारी ही अँथोसायनिन रंगद्रव्ये आहेत, हे मी पुढे बांबोळीला वैद्यकीय महाविद्यालयात असताना अण्णांना सांगितले. त्यांनी ते लक्षपूर्वक ऐकून घेतले आणि जूनमध्ये आपल्या चौथीच्या वर्गात प्रयोग करून दाखविला.

अण्णांचा नियम एकच होता. तयार झालेले पेय आधी समोरच्याला द्यायचे. पोफळी शिंपणारा गडी असो, टपाल घेऊन आलेला पोस्टमन असो वा फी माफीचा अर्ज घेऊन आलेला पालक असो, पहिला पेला त्याचा. तो पीत असताना अण्णा त्याच्या चेहऱ्याकडे पाहत. आंबटपणाने डोळे बारीक झाले, मग भुवया सैल झाल्या, की म्हणत, “जमले.” त्यानंतर स्वतःसाठी ओतून घेत. चव कळायला दुसऱ्याची जीभ लागते, असे त्यांचे म्हणणे होते. लहानपणी मला तो निव्वळ पाहुणचार वाटे.

पुढे एम. डी. होऊन तालुक्याच्या गावी मी दवाखाना थाटला आणि पाजणे हाच व्यवसाय झाला. संपादकांची अट येथे थोडी मोडते आहे, क्षमा असावी. पण माझ्या मते विसाव्या शतकातील सर्वांत मोठे पेय जलसंजीवनी हेच आहे. १९७१ मध्ये बांगलादेश मुक्तियुद्धाच्या काळात पश्चिम बंगालमधील बनगाव येथील निर्वासितांत कॉलरा पसरला आणि शिरेतून द्यायचे सलाइन संपत आले. तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ, ग्लुकोज आणि खाण्याचा सोडा यांचे द्रावण पिंपांतून ठेवले आणि ते रुग्णांच्या नातेवाइकांच्या हाती सोपविले. सुमारे ३० टक्क्यांवर गेलेला मृत्युदर ४ टक्क्यांच्या खाली आला. डॉ. महालनबीस २०२२ मध्ये निवर्तले आणि २०२३ मध्ये त्यांना मरणोत्तर पद्मविभूषण मिळाले. आतड्यात ग्लुकोजच्या सोबतीने सोडियम शोषले जाते आणि त्यांच्यामागून पाणी जाते, हे शास्त्र त्यापूर्वीच प्रयोगशाळेत कळलेले होते. बनगावने दाखविले ते हे, की पाजणारा हात आईचा, आजीचा, भावाचा असला तरी चालतो.

हे मी पुस्तकात वाचले होते, पण शिकले एका आजीकडून. दवाखान्याच्या सुरुवातीच्या वर्षांतली गोष्ट. चौदा महिन्यांचे, आठ किलो वजनाचे बाळ दोन दिवसांच्या जुलाबांनी मलूल झाले होते. डोळे खोल गेलेले, पोटावरची त्वचा चिमटीत धरून सोडली तर सावकाश परत बसणारी. आजीने त्याला दुकानातून आणलेले रंगीत, गोड पेय पाजले होते. “महाग होते, म्हणून चांगले असेल असे वाटले,” ती म्हणाली. अतिगोड द्रावण आतड्यात उलट पाणी ओढून घेते आणि जुलाब वाढवते, हे तिने जाणावे तरी कसे? बाळ शुद्धीवर होते आणि तोंडाने घेऊ शकत होते. किलोला ७५ मिलिलिटर या हिशेबाने चार तासांत ६०० मिलिलिटर द्यायचे होते; म्हणजे दर दोन मिनिटांनी पाच मिलिलिटरचा एक चमचा. मी हिशेब करून दिला आणि ती बाकावर बसली. तिला घड्याळ कळत नव्हते. तिने प्रत्येक चमच्यानंतर मनात देवाचे नाव ठरावीक वेळा घेतले आणि पुढचा चमचा दिला. मध्ये बाळाला उलटी झाली, तेव्हा सांगितल्याप्रमाणे दहा मिनिटे थांबली आणि पुन्हा सुरू केले. चार तासांचे एकशेवीस चमचे. सायंकाळी बाळाने ओली चड्डी आणि मोठे रडे, दोन्ही एकदमच सादर केले. “दोतोरबाई, आता घरी पेज दिली तर चालेल?” तिने विचारले. चालेल, म्हटले. उकड्या तांदळाची मीठ घातलेली पातळ पेज आमच्याकडे आजारी माणसाला पिढ्यान् पिढ्या देत आले आहेत, आणि १९८० च्या दशकात ढाक्याच्या संशोधकांनी तांदळाच्या पिठाची जलसंजीवनी यशस्वी करून दाखविली होती. पुढच्या मे महिन्यात ती आजी स्वतः केलेल्या आगळाची बाटली घेऊन आली. मी पहिला पेला तिला दिला. ती संकोचली, पण प्याली.

जलसंजीवनीचे नाव लावून विकल्या जाणाऱ्या गोड पेयांचा प्रश्न त्यानंतरही अनेक वर्षे राहिला. ऑक्टोबर २०२५ मध्ये भारतीय अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाने जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्रानुसार नसलेल्या पेयांच्या नावात ‘ओआरएस’ हा शब्द वापरण्यास मनाई केली, तेव्हा मला त्या आजीची आठवण झाली.

आता ज्यासाठी हा लेख लिहायला घेतला, तो भाग.

आई गेल्यानंतर अण्णा माझ्याकडे राहावयास आले. मधुमेहाने त्यांची मूत्रपिंडे निकामी होत गेली आणि आठवड्यातून तीनदा डायलिसिस सुरू झाले. दिवसभरात सर्व मिळून ७५० मिलिलिटर द्रव, इतकीच मुभा. ज्या माणसाने आयुष्यभर सगळ्यांचे पेले भरले, त्याचा पेला मी मोजपात्राने भरू लागले. शहाळे बंद, कारण पोटॅशियम. आगळ बंद, कारण मीठ. ते कधी कुरकुरले नाहीत. तहान लागली की बर्फाचा लहान खडा चघळत आणि त्याची नोंद स्वतःच सुवाच्य अक्षरात वहीत करीत.

२०१४ च्या मे महिन्यात त्यांनी खुर्चीत बसून, माझ्याकडून करवून घेत, शेवटचे आगळ काढले. पहिली सोलकढी झाली त्या दिवशी घरी पाहुणे होते. नारळाच्या दुधात आगळ पडले आणि तो गुलाबी रंग उमटला, तसे अण्णा उठून स्वयंपाकघराच्या दारात आले. सगळ्यांना वाढून झाल्यावर हळूच म्हणाले, “चमचाभर मलाही दे. जमली का पाहतो.” त्या आठवड्यात त्यांचे पोटॅशियम ५.९ होते. मी म्हटले, “अण्णा, नको.” त्यांनी मान हलविली. शेजारचा शाळकरी मुलगा जेवायला होता, त्याच्याकडे बोट करून म्हणाले, “मग त्याला आणखी दे.” आणि तो पीत असताना त्याचा चेहरा पाहत उभे राहिले. “जमली,” म्हणाले.

त्या पावसाळ्यात अण्णा गेले.

चमचाभर सोलकढीत पोटॅशियम किती असते? नारळाचे दूध पातळ केलेले असते. हिशेब करून पाहिला, तर दहा मिलिग्रॅमच्याही आत. त्यांना दिवसाला सुमारे दोन हजार मिलिग्रॅमची परवानगी होती. हा हिशेब मी त्यांच्या मृत्यूनंतर केला. एका अनोळखी आजीसाठी एकशेवीस चमच्यांचा हिशेब मी उभ्या उभ्या केला होता. अण्णांसाठी एका चमच्याचा केला नाही. नियम माझ्याकडे होता आणि तो सांगणे मला सोपे गेले.

माझ्या व्यवसायबंधूंना आणि भगिनींना उपदेश करण्याचा माझा अधिकार नाही. पथ्य मोडा, असेही मी म्हणत नाही. रोजचे शहाळे हा जीवघेणा प्रकार ठरू शकतो, हे आपण सारे जाणतो. पण रुग्ण जेव्हा आवडीच्या पदार्थाचा एक चमचा मागतो, तेव्हा ‘नको’ म्हणण्याआधी त्या एका चमच्याचा हिशेब करावा. पुष्कळदा उत्तर ‘घ्या’ असे निघते. गेली काही वर्षे मी घरोघरच्या आजी-आजोबांच्या बाबतीत, त्यांच्या डॉक्टरांना विचारून, हे करीत आले आहे.

कुळागरातील भिरंडाची झाडे अजून फळतात. मे महिन्यात माझी ओसरी पुन्हा लाल होते. दवाखान्यात येणाऱ्या मुलांना आगळाच्या थेंबात चिमूटभर खाण्याचा सोडा घालून रंग बदलताना दाखविला की सुईची भीती क्षणभर तरी विसरते. सहा महिन्यांच्या आतील बाळाला आईच्या दुधाखेरीज काही नको, पाणीदेखील नको, हे मात्र त्याच वेळी त्यांच्या आज्यांना बजावून सांगते. छंदालाही वयाची मर्यादा असते.

आपल्या संस्थेच्या सभासदांना येत्या हंगामात माझ्याकडे येण्याचे हे आमंत्रण. प्रत्येकाला आगळाची एक बाटली मिळेल. अट एकच आहे : घरी गेल्यावर पहिला पेला स्वतः घ्यावयाचा नाही. तो दुसऱ्या कुणाला द्यावा, तो पीत असताना त्याच्या चेहऱ्याकडे पाहावे, आणि जमले की नाही ते मला कळवावे.